रविवारी सुट्टी घेणारा बग

"अलार्म पाठवला. एक वाजून दहा मिनिटं." लॉगमधली ही ओळ मीच प्रिंट केली, तिच्याखाली मीच पेनानं रेघ मारली आणि कागद बॉसच्या हातात दिला. त्या एका ओळीवर गुरुवारी दुपारी दोन वाजता सीना नावाच्या बाईंची नोकरी जाणार होती. तो दिवस मंगळवार होता.

गोष्ट २०१४च्या डिसेंबरातली. मी तेव्हा ऑकलंडच्या ईस्ट टामाकी भागात एका छोट्या कंपनीत एम्बेडेड इंजिनियर होतो. म्हणजे कॉम्प्युटरसारखे न दिसणारे कॉम्प्युटर बनवणाऱ्यांपैकी एक. आमचा डबा कोल्ड स्टोअरच्या भिंतीवर बसायचा, खोल्यांचं तापमान मोजायचा आणि नेटवर्कवरून जो विचारेल त्याला सांगायचा. विचारणाऱ्याला उत्तर देतो तो सर्व्हर. आमचा सर्व्हर तळहाताएवढा होता, एवढंच. स्टोअरच्या ऑफिसातला कॉम्प्युटर त्याला दर मिनिटाला विचारायचा, 'सगळं ठीक?' एखादी खोली तापली असेल तर उत्तरात अलार्म यायचा आणि ऑफिसात भोंगा वाजायचा. डब्यातला सगळा कोड माझा होता आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता.

आमच्याच रस्त्यावरचं एक फळांचं कोल्ड स्टोअर आमचं गिऱ्हाईक होतं. ख्रिसमस तोंडावर आलेला, खोल्या स्ट्रॉबेरीनं भरलेल्या. आदल्या गुरुवारी दुपारी दोन नंबरच्या खोलीतले पंखे बंद पडले. संध्याकाळी फोर्कलिफ्टवाल्यानं दार उघडलं तेव्हा आत उकाडा आणि जॅमसारखा वास. अख्खी खोली फेकून द्यावी लागली. शिफ्ट सुपरवायझर होत्या सीना. मूळच्या सामोआच्या, पन्नाशीच्या, अकरा वर्षं तिथेच कामाला. त्या सांगत होत्या, भोंगा वाजलाच नाही. स्क्रीनवर दोन अंश दिसत होते, तेच मी तक्त्यात लिहिले. आमच्या डब्याचा लॉग, म्हणजे डब्यानं स्वतः लिहिलेली रोजनिशी, सांगत होता की अलार्म पाठवला. स्टोअरच्या मॅनेजरनं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि ठरवून टाकलं, की बाईंनी भोंगा बंद केला आणि तक्ता मनानं भरला.

"केस क्लोज्ड," माझा बॉस ग्रॅहम म्हणाला. "डब्यानं आपलं काम केलं. गुरुवारच्या मीटिंगला तू ये आणि लॉग समजावून सांग. दहा मिनिटांचं काम आहे."

"सीनांना काढतील?"

"बहुतेक. आपण काय करणार? मशीन खोटं बोलत नाही, मेट."

मलाही तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं होतं. बग निघाला असता तर नाचक्की माझी होती. शिवाय आमचा रेसिडेन्सीचा अर्ज इमिग्रेशनकडे पडून होता आणि तो याच नोकरीच्या जिवावर होता.

संध्याकाळी हिल्सबरोच्या घरी जेवताना हे सगळं बायकोला सांगितलं. मधुरा इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. आमटी वाढता वाढता तिनं विचारलं, "पण 'पाठवला' असं तुझा डबा लिहितो कधी?"

"पाठवल्यावर."

"नक्की ना? आमच्याकडे औषध 'दिलं' अशी सही पेशंटनं गोळी गिळल्यावरच करायची. नुसती ट्रॉलीत ठेवून सही केली तर माझं रजिस्ट्रेशन जाईल."

"अगं, तो कोड मी लिहिलाय."

"म्हणूनच विचारतेय."

पुण्याची माणसं टोमणा सहसा वाया घालवत नाहीत. रात्रभर नीट झोप लागली नाही.

बुधवारी सकाळी सातलाच ऑफिस गाठलं. कोडमधली ती जागा सापडायला दोन मिनिटं लागली. अलार्म तयार करून रांगेत ठेवायचा, लॉगमध्ये 'पाठवला' लिहायचं, आणि मग तो कोणी नेतंय का याची वाट पाहायची. याच क्रमानं. कोणी नेला की नाही, हे माझा कोड पुढे कुठेच लिहीत नव्हता. गोळी ट्रॉलीत आणि सही कागदावर. एकटाच होतो, तरी कान गरम झाले.

पण एवढ्यानं सीना सुटत नव्हत्या. 'पाठवला' हा पुरावा बाद झाला, तरी 'पोचला नाही' हे सिद्ध झालं नव्हतं. तीन वर्षं भोंगा व्यवस्थित वाजत होता. मग त्याच दिवशी काय झालं?

अपघातानंतर मी तिथला डबा काढून आणला होता आणि बदली डबा बसवला होता. आणलेल्या डब्याचा सगळा लॉग काढून पहिल्यापासून वाचायला बसलो. रोज एक ओळ दिसायला लागली, 'बूट'. म्हणजे डबा बंद पडून पुन्हा सुरू झाला. दहा वाजून दोन मिनिटं. दहा वाजून पाच. नऊ अठ्ठावन्न. रोज, शनिवारीसुद्धा. फक्त रविवारी नाही. आधी वाटलं वीजपुरवठा खराब असेल. पण रविवारी सुट्टी घेणारा बग मी आजवर पाहिला नव्हता. सुट्टी माणसं घेतात. आणि अपघाताच्या आठवड्यात सोमवारच्या 'बूट'नंतर गुरुवारपर्यंत तशी एकही ओळ नव्हती.

त्या सोमवारी काय झालं होतं, ते मला लगेच आठवलं. त्या सोमवारी तिथे मी गेलो होतो.

एक सेन्सर बदलायचा होता. ऑफिसात शिरलो तर डब्याचा प्लग काढून टेबलावर ठेवलेला. मला पुढे हॅमिल्टनला जायचं होतं, डोकं तापलं. "हा प्लग कोणी काढायचा नाही. कधीच नाही," मी सीनांना सुनावलं. त्या "अरे, पण ते आम्ही..." असं काही सांगू लागल्या, ते मी ऐकूनही घेतलं नाही. प्लग परत लावला, शेजारी भिंतीवर 'प्लग काढू नये' असा लाल स्टिकर चिकटवला आणि निघालो.

तसाच उठून स्टोअरवर गेलो. सीना ऑफिसातच होत्या. मीटिंग होईपर्यंत त्यांना खोल्यांकडे जायची मनाई होती, नुसतं बसवून ठेवलं होतं.

"सीना, रोज दहा वाजता हा प्लग कोण काढायचं?"

त्या माझ्याकडे वळल्या. "आता विचारतोयस?"

"हो. उशीर झाला, पण विचारतोय."

"मीच. स्मोकोला." स्मोको म्हणजे इथली सकाळच्या चहाची सुट्टी. "कॉम्प्युटरचा सोडला तर या खोलीत प्लग पॉइंट एकच आहे. डबा काढायचा, किटली लावायची, पाणी उकळलं की डबा परत. पाच मिनिटं. तू स्टिकर लावलास, तेव्हापासून आम्ही चहा पलीकडच्या गोडाऊनमधून आणतो." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "त्यानं काही बिघडलं का रे? माझ्यामुळेच झालं का हे? माझ्या घरात कमावणारी मी एकटीच आहे."

"नाही. उलट आहे बहुतेक," मी म्हणालो आणि पळत परत आलो.

आमच्या डब्याची मेमरी अगदी थोडी. एका वेळी आठच पाहुण्यांशी, म्हणजे विचारायला येणाऱ्यांशी, तो बोलू शकायचा. आठ खुर्च्या समजा. पाहुणा बोलून झालं की 'निघतो' म्हणतो आणि खुर्ची रिकामी होते. ऑफिसचा कॉम्प्युटर शहाणा, दर मिनिटाला यायचा, विचारायचा, सांगून जायचा. पण फोर्कलिफ्टवर टॅबलेट होते. ड्रायव्हर तापमानाचं पान उघडायचा आणि तसाच फ्रीझरच्या जाड पत्र्याच्या भिंतींआड जायचा. वायफाय तुटायचं. पाहुणा न सांगताच गेलेला, आणि डबा मात्र त्याची खुर्ची राखून बसलेला. दिवसाला अशा दोन-तीन खुर्च्या अडायच्या. तीन-चार दिवसांत आठही भरल्या, की ऑफिसच्या कॉम्प्युटरला दारातूनच परत जावं लागणार. मग स्क्रीनवर जुनाच आकडा आणि अलार्म रांगेत पडून. पण रोज दहा वाजता सीना प्लग काढायच्या आणि सगळ्या खुर्च्या रिकाम्या व्हायच्या.

बराच वेळ काही न बोलणाऱ्या पाहुण्याला उठवायची ओळ कोडमध्ये असायलाच हवी होती. होतीही. पण बंद केलेली. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं 'पान मध्येच बंद होतं' अशी तक्रार केली, म्हणून शुक्रवारी दुपारी कोणीतरी ती बंद केली होती. शेजारी लिहिलं होतं, 'तात्पुरतं बंद, नंतर चालू करणे. एम. जे.'

एम. जे. म्हणजे मिलिंद जोगळेकर. म्हणजे मी.

दुपारी टेबलावर करून पाहिलं. लॅपटॉपवर पान उघडायचं, न बंद करता नेटवर्कची केबल उपटायची, परत जोडायची. आठ वेळा. नवव्यांदा डबा मुका झाला. तीन वर्षांत मी ही चाचणी एकदाही घेतली नव्हती, कारण मी प्रत्येक वेळी पान नीट बंद करून उठायचो.

ग्रॅहमला सगळं दाखवलं. तो म्हणाला, "पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त कर. सगळ्या साइट्सना पाठवू. उद्या फक्त म्हण, की लॉगवरून पक्कं काही सांगता येत नाही."

"तेवढ्यानं त्यांची नोकरी वाचणार नाही."

"आणि तू सगळं सांगितलंस तर आपलं गिऱ्हाईक जाईल. मिलिंद, तुझा अर्ज अडकलाय, आठवतंय ना?"

ती धमकी नव्हती. त्याला खरंच माझी काळजी होती, म्हणून जास्त लागलं. मी घाबरलो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. "तो कागद मी दिलाय," मी म्हणालो. "परतही मीच घेणार."

गुरुवारी दोन वाजता मी जुना डबा, सेन्सर आणि लॅपटॉप घेऊन स्टोअरच्या ऑफिसात गेलो. मॅनेजर, ग्रॅहम, सीना, आणि सीनांच्या बाजूला युनियनची एक बाई. मॅनेजरसमोर माझा तो रेघ मारलेला कागद. जुना डबा त्याच प्लगला, ऑफिसच्या त्याच कॉम्प्युटरला जोडला. मग लॅपटॉपवर पान उघडून, मोठ्यानं मोजत, आठ वेळा त्याची केबल उपटली. युनियनच्या बाईंपुढे चहाचा कप होता. सेन्सरचं टोक मी त्यात बुडवलं. भोंगा गप्प. स्क्रीनवर खोलीचं जुनं तापमान, आणि माझ्या लॉगमध्ये मात्र ठसठशीत, 'अलार्म पाठवला'.

"हे खोटं आहे," मी म्हणालो. "ही ओळ मी लिहिलीय. चूक माझ्या कोडची आहे." "सीना, आता तुम्ही स्मोकोला करायचात ते करा."

सीना उठल्या. प्लग काढला, पाचपर्यंत आकडे मोजले, परत लावला. मिनिटाभरात भोंगा असा कोकलला, की गोडाऊनमधली माणसं धावत आली.

मी भोंगा बंद केला. सीना म्हणाल्या, "म्हणजे माझी किटली तुझा डबा दुरुस्त करत होती?"

"हो. रोज."

"आणि तू मला ओरडलास."

"हो. चुकलं माझं."

त्यांनी मला माफ केलं वगैरे म्हटलं नाही. मॅनेजरकडे वळून विचारलं, "मी आता कामावर जाऊ?"

त्या गेल्या. नुकसान आमच्या कंपनीच्या विम्यातून भरलं गेलं आणि गिऱ्हाईक टिकलं. ग्रॅहम दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलला, पण इमिग्रेशननं मागितलेल्या पत्रावर त्यानं सही केली. कोडमध्ये मी गप्प पाहुण्याला उठवणारी ओळ परत चालू केली, एक खुर्ची ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठी राखून ठेवली, आणि 'पाठवला' हे समोरून पोच आल्यावरच लिहायला लावलं. शेवटचा बदल मधुराला दाखवला. तिनं नुसती मान डोलावली.

जानेवारीत नवा डबा बसवायला गेलो तेव्हा इलेक्ट्रिशियननं ऑफिसात आणखी एक प्लग पॉइंट बसवला होता. जुना लाल स्टिकर काढून टाकावा म्हणून शोधला, तर भिंतीवर नव्हता. सीनांनी तो किटलीच्या वायरला चिकटवला होता.

आता नव्या साइटवर गेलो की डबा उघडण्याआधी मी विचारतो, इथे चहा कुठे करता? बरोबरच्या नव्या इंजिनियरांना वाटतं, मला चहाची तल्लफ आहे. आणि कुठे प्लग काढलेला दिसला, तर खिशातला स्टिकर खिशातच ठेवतो. आधी विचारतो, का काढला. आणि उत्तर पूर्ण ऐकतो.