उंच पोराला उभं कुठं करायचं?

आमच्या मुलाची उंची एकशे पंच्याण्णव सेंटिमीटर आहे. कुणी विचारलं की मी हाच आकडा सांगतो. समोरचा म्हणतो, "म्हणजे सहा फूट किती?" मग सहा फूट पावणेपाच इंच. लोणी देवकरच्या कारखान्यात माझं काम तयार झालेले भाग मापात बसतात की नाही हे बघण्याचं. त्यामुळे "असेल साधारण साडेसहा" असं माझ्या तोंडून निघत नाही. बायको म्हणते, "पोराचं माप सांगताय की नट-बोल्टचं?"

तो अकरावीत गेला त्या वर्षी घरातली शिडी शेजाऱ्यांकडे गेली आणि ती परत आणायची कुणाला आठवण झाली नाही. माळ्यावरचं मोठं पातेलं, पंख्याची पाती, समोरच्या काकूंच्या मांडवावरची कारली, सगळं त्याच्याकडे. उंच पोरगा घरात असला की त्याला काय येतं हे कुणी विचारत नाही. तो कुठवर पोचतो एवढंच बघतात.

बास्केटबॉलमध्येही हेच झालं. बारामतीत त्याला शिकवणारे सर मूळचे व्हॉलीबॉलचे. आमच्या भागात कबड्डी आणि व्हॉलीबॉल गावोगाव; बास्केटबॉल मागाहून आला आणि तो शिकवायला जे सर मोकळे होते त्यांच्या गळ्यात पडला. सर पंचावन्नचे, माणूस प्रेमळ, कमरेला कायम डॉक्टरांनी दिलेला पट्टा. मुलाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मागे सरकले, मान वर केली आणि म्हणाले, "हा माझा टॉवर." तेव्हापासून संघात त्याचं नाव टॉवर.

व्हॉलीबॉलमध्ये उंच पोराची जागा ठरलेली. जाळीला चिकटून उभं राहायचं, उडायचं आणि आलेला चेंडू खाली आपटायचा. धरायचा नाही; धरला की चूक. सरांनी तोच पोरगा उचलून रिंगखाली नेऊन ठेवला. "हात वर. आला की हाण." आपला संघ चाल करत असला तरी तेच. "रिंगखाली थांब. मिळाला की टाक."

आता बास्केटबॉलचे दोन नियम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. चाल करणाऱ्या संघाच्या खेळाडूला रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आणि रिंगच्या वर असलेला, खाली येऊ लागलेला चेंडू अडवायचा नाही. अडवला तर तो आत गेला असं धरून समोरच्यांना गुण देतात. सरांना दोन्ही नियम पाठ होते. पण नियम डोक्यात होते आणि व्हॉलीबॉल अंगात.

यंदाच्या मे महिन्यात इंदापूरला स्पर्धा होती. शनिवारी एक सामना, रविवारी एक. भाड्याच्या जीपमध्ये दहा पोरं, सर, ड्रायव्हर आणि पाण्याचा जार सांभाळायला मी, असे तेरा जण निघालो. मी दोन दिवसांची रजा टाकली होती.

शनिवारच्या सामन्यात पहिल्याच मिनिटाला समोरच्या पोरानं लांबून चेंडू टाकला. चेंडू वर गेला, वळला, रिंगकडे यायला लागला. सर ओरडले, "हाण!" आमच्या मुलानं उडी मारून असा काही हाणला की चेंडू पार प्रेक्षकांत. पोरं नाचायला लागली. पंचांनी शांतपणे शिट्टी वाजवली आणि गुण समोरच्यांना दिले. थोड्या वेळानं पुन्हा तेच. नंतर आमची चाल असताना तो रिंगखाली हात वर करून उभा, चेंडू काही त्याच्यापर्यंत येईना, आणि तीन सेकंदांची शिट्टी. मग धक्क्याच्या शिट्ट्या. पाचवा फाऊल झाला, म्हणजे सामन्यातून बाद, आणि तो बाहेर आला तेव्हा भिंतीवर बसलेल्या एकानं आवाज दिला, "ए टॉवर, रेंज गेली का रं?"

आख्खी भिंत हसली. खरं सांगायचं तर ओठ मलाही दाबावे लागले.

एकतीस विरुद्ध चव्वेचाळीस असे आम्ही हरलो. त्यातले आमच्या मुलाचे दोन.

परत येताना तो माझ्या शेजारी, गुडघे हनुवटीशी घेऊन बसला होता. निमगाव केतकी मागे पडलं तेव्हा हळूच म्हणाला, "पप्पा, उद्याची मॅच खेळतो. मग बास. सोमवारी सरांना सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"की दुसरा खांब बघा."

आठवीपासून हा मुलगा रोज संध्याकाळी आमच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत आला आहे. त्या आवाजावर आमच्या घरात चहा ठेवला जातो. तो आवाज बंद होणार, हे मला पटेना. पण अभ्यासाचं काही म्हणाला असता तर समजूत घातली असती. हे जे म्हणाला त्यात चूक काही काढता येत नव्हती.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. त्याची शेती लासुर्ण्यात, आमच्या रस्त्यावरच.

"दाजी, कुठवर आलाय? हितं कलिंगडाची गाडी उभी हाय आन माणसं तीनच आली हायती. व्यापारी डोकं खातोय. पोरं हायती ना तुमच्यासंगं?"

"हरून आलीत रे पोरं."

"मग काय झालं? हरल्यावर हात गळून पडत्यात व्हय? या की!"

सरांनी ऐकलं आणि म्हणाले, "चला, पोरांचं तोंड तरी सुधारेल."

कलिंगडं भरायची आमच्याकडची रीत अशी. बांधाला रास लागलेली असते. रासेपासून ट्रकपर्यंत माणसं साखळीनं उभी राहतात आणि फळ हातोहात फेकत नेतात. चार-पाच किलोचं फळ; त्याच्यापुढे बास्केटबॉल म्हणजे जेमतेम सहाशे ग्रॅम. ट्रकच्या मागची फळी, म्हणजे फाळका, खाली सोडलेला असतो. तिथं जमिनीवर एक जण उभा राहतो, तो खालून आलेलं फळ वर हौद्यात देतो. वरचा ते घेतो आणि मग ते गव्हाच्या काडावर रचलं जातं. सगळ्यात अवघड जागा फाळक्याची. आणि एक जुना कायदा: फळ फुटलं तर काम थांबवून सगळ्यांनी मिळून खायचं, पण ज्याच्या हातून फुटलं त्याला फक्त साल.

सर हौद्यात चढायला लागले तसा वर रचायला उभा असलेला मेहुणा म्हणाला, "सर, पट्टा हाय तुमाला. तुमी बाजंवर बसा."

"पट्टा आहे म्हणूनच वर थांबतो. खाली वाकायचं नको. मी घेतो आणि तुम्हाला देतो, तुम्ही रचा."

फाळक्यापाशी आधी संघातला सगळ्यात बुटका पोरगा उभा राहिला. चपळ गडी, मैदानावर चेंडू तोच खेळवतो. पण त्याचं पहिलं फळ सरांच्या गुडघ्यावर आलं, दुसरं छातीवर. तिसरं घ्यायला सर वाकले आणि "आई गं!" म्हणून कमरेला हात लावून उभे राहिले. फळ खाली पडून फुटलं.

"साल!" सगळे ओरडले. बुटक्यानं मुकाट्यानं साल कुरतडली. नियम तो नियम.

मग मेहुणा म्हणाला, "भाच्याला लावा तितं. त्याची जागा हाय ती."

आमचा मुलगा पाचवीपासून सुट्टीत इथं येतो. आधी रासेला, मग साखळीत, आणि दोन वर्षांपासून फाळक्यावर. तो उभा राहिला आणि मी साखळीतून बघत होतो. खालून फळ येत होतं, त्याच्या हातात जेमतेम टेकत होतं आणि वर जात होतं. आवाज नाही, धडपड नाही. दहा-बारा फळं गेली असतील, तेव्हा सर एकदम थांबले.

"थांब रे."

सगळी साखळी थांबली. सरांनी कमरेला हात लावला, थोडं वाकून बघितलं, सरळ झाले. "दुखत नाहीये," ते म्हणाले. कुणाला काही कळेना.

सर हौद्याच्या डाव्या कोपऱ्यात गेले. "टाक." फळ बरोबर पोटाशी आलं. उजव्या कोपऱ्यात गेले. पोटाशी. मग पार मागे, केबिनला टेकून उभे राहिले. "टाक!"

"सर, कलिंगड हाय, चेंडू न्हवं!" मेहुणा ओरडला. "व्यापारी बगतोय!"

फळ हौद्यावरून तरंगत गेलं आणि सरांच्या हातांत बसलं. सरांना हात हलवावे लागले नाहीत.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही, सर. टाकायच्या आधी बघायचं ना, समोरच्याचे हात कुठंयत ते."

"अरे, मग मैदानावर का नाही टाकत?"

"मैदानावर माझ्याकडे चेंडू कुठं असतो, सर? मी रिंगखाली असतो."

गाडी भरून होईपर्यंत सरांनी फळं घेतली आणि मध्येच एकदा कुणाला दिसणार नाही असा पट्टा सैल केला. मला दिसला.

पुढे जीपमध्ये पिंपळी आल्यावर सर मागे वळले. "टॉवर, उद्या रिंगखाली जायचं नाही."

"मग कुठं, सर?"

"रिंगसमोर, फ्री थ्रोच्या रेषेपाशी, रंगवलेल्या पट्ट्याच्या बाहेर. तोंड सगळ्यांकडे. तुला चेंडू वर देतील, तिथं कुणाचा हात पोचणार नाही. मग बघ कुणाचे हात मोकळे आहेत. आणि बचावाला उडायचं नाही. त्यांचा चेंडू रिंगवर आपटून खाली आला की धरायचा. हाणायचा नाही, धरायचा."

"आणि मी टाकू का, सर, रिंगमध्ये?"

"कुणाचेच हात मोकळे नसले तर टाक. तू काय कुणाचं घोडं मारलंयस?"

रविवारी सामना सुरू झाला. समोरच्यांनी लांबून चेंडू टाकला, तो वळून रिंगकडे यायला लागला, आणि सर सवयीनं ओरडले, "हा—" आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मुलगा उडाला नाही. चेंडू रिंगवर आपटून उसळला, खाली आला आणि त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. फळासारखा.

त्यानंतर मजा होती. चेंडू त्याच्या डोक्यावर, आजूबाजूला समोरची दोन पोरं उड्या मारताहेत, आणि हा आपला घरच्या माळ्यावर डबा शोधल्यासारखा निवांत बघतोय. मग चेंडू निघायचा आणि रिंगकडे पळणाऱ्या आपल्या पोराच्या हातात असायचा. भिंतीवरचे कालचे लोक आजही होते. "आज रेंज आली रं!" कुणीतरी म्हणालं.

शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा सेहेचाळीस विरुद्ध सत्तेचाळीस. आम्ही एकानं मागे. चेंडू आमच्या मुलाकडे. त्याच्यावर तिघं धावून आली, त्यामुळे बुटका रिंगखाली एकटा राहिला. चेंडू तिघांच्या हातांवरून त्याच्या पोटाशी गेला. टाकायला यापेक्षा सोपी जागा नसते. त्यानं टाकला. चेंडू रिंगवर फिरला आणि बाहेर पडला.

सामना संपला. बुटका तिथंच बसला. सर पट्टा सांभाळत त्याच्याजवळ गेले. "पास बरोबर होता. तू टाकलंस तेही बरोबर होतं. आत गेला नाही, एवढंच. ऊठ."

स्कोअरशीटवर आमच्या मुलाच्या नावापुढे सहा गुण आहेत. सेहेचाळीसपैकी बावीस त्यानं दिलेल्या चेंडूवर झाले, हे मी मोजलं होतं. त्या शीटवर अशा पासला रकाना नव्हता. मला विचाराल तर उंच पोराच्या बाबतीत प्रशिक्षकानं आधी त्याच्या हातात काहीतरी द्यावं आणि ते हात काय करतात ते बघावं. उंची कुठं पळून जात नाही. टेप लावली की ती दिसतेच.

येताना लासुर्ण्याला थांबलो. मेहुण्यानं बाजेवर दोन कलिंगडं कापून ठेवली होती. बुटका पुढे आला आणि म्हणाला, "मामा, मला साल द्या."

"का रं? आज काय फोडलंस?"

"मॅच."

कुणी हसलं नाही. आमच्या मुलानं कलिंगडाच्या मधला, बिया नसलेला लाल गर सुरीनं काढला. "हात पुढं कर," म्हणाला आणि तो त्याच्या हातावर ठेवला. "उद्या परत तिथंच थांब. मी परत तिथंच देणारे."

"येत्या रविवारी कलिंगडाचा दुसरा तोडा हाय," मेहुणा भाच्याला म्हणाला. "सकाळी सातला फाळक्यावर यायचं. दांडी मारायची न्हाय."

"सकाळी नाही जमणार, मामा. प्रॅक्टिस आहे. दुपारनंतर येतो."

मी सरांकडे पाहिलं. सर बिया थुंकण्यात गढले होते.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "आणि सोमवारचं?"

"सोमवारी काय?" त्यानं गुडघे हनुवटीशी घेतले. "सोमवारी पण प्रॅक्टिस आहे की."