तिघांचा एकच ई-मेल

आमच्या संस्थेचं पांढरकवड्यातलं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत साहेब बसतात, बाहेरच्या खोलीत मी बसते, आणि ताई बसतच नाहीत. त्या दिवसभर पोडांवर फिरत असतात. पोड म्हणजे जंगलाच्या कडेची कोलामांची वस्ती, मूठभर घरांची. ताई स्वतः अशाच एका पोडावरच्या. घरामागे परसबाग लावून घेणं, हँडपंप बिघडला की ग्रामपंचायतीत जाऊन ठाण मांडणं, बायकांच्या बैठका घेणं, हे सगळं त्या करतात. त्याचा अहवाल मी टाइप करते आणि साहेब त्याच्यावर सही करतात. सही करताना त्यांना घाम येतो, कारण आतल्या खोलीतला पंखा हळू फिरतो.

अहवाल पुण्याला मुख्य कार्यालयात जातो तो साहेबांच्या नावाने. मी एकदा सुचवलं होतं की खाली ताईंचंही नाव टाकू. साहेब हसून म्हणाले, ‘‘नावाचं काय एवढं, मॅडम? काम महत्त्वाचं.’’ ज्याचं नाव छापून येतं त्याला असं म्हणायला काहीच हरकत नसते.

तर अशा सुखी संसारात एक दिवस पुण्याहून क्लाउड आला. व्हिडिओ मीटिंगमध्ये कानाला हेडफोन लावलेल्या एका तरुणाने आम्हाला समजावून सांगितलं की, आता कागद, फायली, पेनड्राइव्ह सगळं बंद. प्रत्येकाने टीमचा सदस्य म्हणून स्वतःचं खातं उघडायचं आणि आपापलं काम त्यात ठेवायचं. ते कुठे राहतं, असं साहेबांनी विचारलं. वर, क्लाउडमध्ये, असं उत्तर आलं. ढगावर विसंबून राहण्याचा अनुभव आमच्या जिल्ह्याला पुण्यापेक्षा बराच जास्त आहे, पण तो कोणी विचारला नाही. मग शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखं, त्या तरुणाने सांगितलं की, पुढच्या प्रकल्पाची माणसं या खात्यावरूनच निवडली जातील. ज्याच्या नावावर महिनाअखेर काम दिसेल तो राहील.

मीटिंग संपल्यावर साहेबांनी माझ्याकडे पाहून सुस्कारा सोडला. ताईंचं आता काही खरं नाही, म्हणाले. त्यांना कुठलं जमतंय हे ऑनलाइन वगैरे. हे बोलताना साहेब मला स्वतःचा फोन देत होते, कारण त्याचा आवाज बंद झाला होता आणि तो परत कसा सुरू करायचा ते त्यांना माहीत नव्हतं. ताई रोज पोडावरून मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात, कुठल्या घरची वांगी आणि कुठल्या घरची चवळी ते बोलून पाठवतात, ही गोष्ट बहुधा ऑनलाइनमध्ये मोडत नसावी.

संध्याकाळी ताई आल्या. त्यांना बातमी आधीच लागली होती. पाण्याची बाटली भरता भरता त्यांनी मला विचारलं, ‘‘मॅडम, माह्यं नाव राहीन न यादीत?’’ त्यांचा नवरा वणीकडे कोळशाच्या ट्रकवर होता, अपघातानंतर घरीच असतो. मुलगी यवतमाळला शिकते. घर चालतं ते ताईंच्या पगारावर. मी म्हटलं, राहील ना, न राहायला काय झालं? तोंडाने बोलले, पण त्यांच्याकडे न बघता टेबलावरचे कागद आवरत राहिले.

पुण्याहून प्रत्येकाच्या ई-मेलवर आमंत्रण येणार होतं. ते उघडायचं, होकार द्यायचा, पासवर्ड ठेवायचा, झालं. आम्ही वाट पाहत बसलो. मला आलं नाही. साहेबांना आलं नाही. ताईंना तर येण्याचा प्रश्नच नव्हता, असं साहेबांचं मत. मी पुण्याला फोन लावला तर तिकडून उत्तर मिळालं की आमंत्रणं कधीच पाठवली आहेत आणि तुमच्याकडच्या एका सदस्याने तर लगेच होकारही दिला. राज्यातल्या सगळ्या केंद्रांत आम्ही पहिले, म्हणून अभिनंदनही केलं. साहेबांनी ते अभिनंदन स्वीकारलं. कशाबद्दल आहे ते नंतर पाहता येतं.

तेवढ्यात बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरवाल्या भाईंचा फोन आला. ‘‘मॅडम, तुमच्या ऑफिसचं कायतरी आलतं. मी हो करून टाकलं.’’

आता हे भाई कोण, ते सांगायला हवं. अख्ख्या तालुक्याचे फॉर्म यांच्या दुकानात भरले जातात. पीकविमा म्हणू नका, शिष्यवृत्ती म्हणू नका, जातीचा दाखला म्हणू नका. फॉर्ममध्ये ई-मेलचा रकाना आला की समोरचा माणूस भाईंच्या तोंडाकडे बघतो आणि भाई आपला स्वतःचा ई-मेल टाकून देतात. वर सांगतात, मेल आला की फोन करतो, तुम्ही काळजी करू नका. आणि खरोखर करतात, हे विशेष. आमच्या तिघांचे बायोडेटा फार पूर्वी त्यांनीच टाइप केले होते. पुण्याकडे तेच होते, त्यामुळे साहेब, मी आणि ताई, तिघांचाही ई-मेल एकच, तो म्हणजे भाईंचा. माझ्या फोनमध्ये माझा स्वतःचा ई-मेल तेव्हाही होता, पण बायोडेटात काय छापलंय ते परत वाचतो कोण? मी तर एम.ए. झालेली बाई.

भाईंना एकामागून एक तीन आमंत्रणं आली. पुण्याची यादी अकारविल्हे होती आणि ताईंचं नाव पहिलं. भाईंनी ते उघडलं, होकार दिला, खातं उघडलं ताईंच्या नावाने. दुसरं उघडलं तर कॉम्प्युटर म्हणाला की हा माणूस आधीच सदस्य आहे. तिसऱ्यालाही तेच. म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबाने साहेब, मी आणि ताई हे एकच माणूस होतो. साहेबांचा एवढा अपमान आजवर कोणी केला नसेल.

मी पुन्हा पुण्याला फोन केला. ई-मेल बदलून द्या, म्हटलं. त्यांनी सांगितलं की, त्यासाठी तक्रार नोंदवावी लागते, आणि तक्रार आपापल्या खात्यात जाऊनच नोंदवता येते. मी म्हटलं, खातंच नाही ना. मग तशी तक्रार नोंदवा, म्हणाले. मी फोन ठेवला.

मार्ग काढला तो साहेबांनी. ते मार्ग काढण्यासाठीच आहेत. कायले एवढा ताप, म्हणाले, भाईंच्या दुकानात बसून एकाच खात्यात सगळं टाकून द्या, घरचंच तर आहे. मी विचारलं की ते सगळं ताईंच्या नावावर दिसेल, चालेल का? साहेबांनी खुर्चीत मागे रेलून आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं. नावाचं काय एवढं?

मग तो महिना मी निम्मा भाईंच्या दुकानात काढला. ताई पोडावरून फोटो पाठवायच्या, मी चढवायची. मेथीचे वाफे, दुरुस्त झालेला हँडपंप, बैठकीत पाठमोऱ्या बसलेल्या बायका, कारण फोटो काढायचा म्हटलं की त्या वळून बसतात. माझे अहवाल चढवले. आणि साहेबांचं कामही चढवलं. साहेबांचं काम म्हणजे शाल घेताना साहेब, शाल देताना साहेब, फीत कापताना साहेब आणि माईकसमोर हात वर केलेले साहेब. त्या हात वर केलेल्या फोटोंनी बरीच जागा खाल्ली. भाई मधूनमधून चहा मागवायचे आणि म्हणायचे, तुमचे साहब बहुत मेहनती दिसते मॅडम, रोज नवीन शाल. ते टोमणा मारत होते की कौतुक करत होते, हे मला अजून कळलेलं नाही.

महिनाअखेरची मीटिंग झाली. पुण्याच्या मोठ्या मॅडमनी पडद्यावर प्रत्येक केंद्राचा तक्ता दाखवला. आमच्या केंद्रात ताईंच्या नावापुढे निळा पट्टा होता, तो थेट कडेला जाऊन टेकला होता. साहेबांपुढे शून्य. माझ्यापुढे शून्य. मोठ्या मॅडम भारावून गेल्या. एकटी बाई पोडावरही जाते, अहवालही लिहिते, आणि सत्काराच्या कार्यक्रमांचं संपूर्ण छायाचित्रणही करते. उरलेले दोघे नक्की काय करतात, असं त्यांनी फार गोड शब्दांत विचारलं. साहेब तावातावाने बोलू लागले. बरंच बोलले. त्यांचा माईक बंद होता.

ताईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या बिचाऱ्या खरं तेच बोलल्या, की हे माझ्या एकटीचं नाही, तिघांचं आहे. टाळ्या पडल्या. पुण्यात याला नम्रता म्हणतात.

खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी फार आनंद झाला. ताईंची नोकरी राहिली, या आनंदात मी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. हसणं संपल्यावर लक्षात आलं की दुसरं शून्य माझं आहे.

साहेबांना मात्र दम निघेना. माझं काम दुसऱ्याच्या नावावर जातंच कसं, म्हणत ते दोन्ही खोल्यांत येरझारा घालू लागले. हा सरळ अन्याय आहे, म्हणाले. माणसाने घाम गाळायचा आणि नाव भलत्याचंच. मी खाली बघून टाइप करत राहिले, कारण वर बघितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. ताई समोर उभ्या होत्या आणि शांतपणे ऐकत होत्या. शेवटी साहेबांनी पुण्याला लेखी कळवलं की खात्यातलं पुष्कळ काम माझं आहे. तिकडून नम्र उत्तर आलं की आपलं कोणतं ते निवडून दाखवा. साहेब दिवसभर बसले आणि त्यांनी आपले फोटो निवडले. शाली, फिती आणि वर केलेला हात. उरलेलं कोणाचं, ते पुण्याला आपसूक कळलं. हात दाखवून अवलक्षण, ते हे.

दुसऱ्याच दिवशी तो हेडफोनवाला स्वतः फोनवर आला. तक्रार न नोंदवताच आला. त्याने मला ताईंचा फोन हातात घ्यायला लावून त्यांचा नवा ई-मेल उघडून दिला आणि खातं भाईंकडून काढून तिकडे जोडलं. मग सांगितलं की, केंद्रातून जो सदस्य सगळ्यांत आधी आत येतो त्याच्याकडेच केंद्राचा कारभार राहतो. म्हणजे आता ताईंकडे. बाकीच्या दोघांनी त्यांच्याकडे विनंती पाठवायची. त्या घेतील तर आत.

मी माझ्या ई-मेलवरून विनंती पाठवली. ताईंच्या फोनवर माझं नाव आलं आणि खाली दोन पर्याय. त्यांनी विचारलं, याच्यात फरक काय? मी समजावलं. वरचा दिला तर माणूस काम टाकू शकतो, बदलू शकतो. खालचा दिला तर नुसतं बघू शकतो, कशाला हात लावू शकत नाही. तुम्ही टाइप करता, तुम्हाला लागेल, असं म्हणून त्यांनी मला वरचा दिला. माझा जीव भांड्यात पडला, हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना दिसलं असावं.

मग साहेबांची विनंती आली. त्यांचा नवा ई-मेलही मीच उघडून दिला होता. साहेब स्वतः आतल्या खोलीतच होते, दार उघडं होतं. आतून खुर्चीचा आवाज येईनासा झाला. ताईंनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि नाव नीट वाचलं.

‘‘खालचं म्हंजे नुसतं पाह्यचं, हात नाही लावाचा. असंच न मॅडम?’’

मी म्हटलं, ‘‘हो.’’

‘‘मंग साहेबाले तेच द्या लागन,’’ ताई म्हणाल्या. आवाजात ना राग होता, ना टोमणा. ‘‘आतावरी तेच तर करून राह्यले ते.’’

आणि त्यांनी बोट टेकवलं. आतल्या खोलीत साहेबांचा फोन वाजला.