मामाची उघडी गाडी

आमचा मामा कवळ्या बनवायचा. दिवसभर लोकांना दात बसवून द्यायचे आणि घरी आल्यावर मामीला आपले दाखवायचे, हा त्याचा दिनक्रम. मला तो कधीच आवडला नाही.

त्याने एक जुनी, उघडी गाडी पाळली होती. पाळलीच म्हणतो, कारण मामीच्या ताटाआधी तिचं तेलपाणी व्हायचं. कापडी टप कायम मागे घडी करून ठेवलेला. मामी उन्हात भाजली तरी तो वर यायचा नाही. "टप चढवला की तिचा तंबू होतो," मामा म्हणायचा.

मग मामाच्या लेकीने छोटी, उंच, नवीकोरी एसयूव्ही घेतली. मामाने तिच्याभोवती फेरी मारली, दारावर टिचकी मारली. "चाकं लावलेलं कपाट आहे हे! माझ्या गाडीचं दार लावून बघ, तिजोरीसारखं वाजतं."

"बाबा, हिच्यात आईला गुडघे न दुमडता बसता येतं," लेक म्हणाली.

पालथ्या घड्यावर पाणी. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. इथे तर कार्टंही पोटच्या लेकीचं होतं.

मामीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, वारा नको, धूळ नको, काळा चष्मा अजिबात काढायचा नाही. घरी न्यायला लेक आणि मी तिच्या गाडीतून आलो होतो, काचा बंद, एसी चालू. मामाही आपली गाडी घेऊन हजर. "नवऱ्याची गाडी दारात असताना त्या डब्यातून जाणार तू?"

मामी मूग गिळून त्याच्या शेजारी बसली. आयुष्यभर तिने तेच केलं होतं.

वाटेत सिग्नलला एक जोडपं गाडीचा फोटो काढू का म्हणून विचारायला आलं. मामा खुलला. मामीला म्हणाला, "चष्मा काढ. फोटोत आंधळी दिसशील." तिने काढला. शेजारून वाळूचा ट्रक गेला. मामीने डोळा चोळला.

डोळ्यात पू झाला आणि डोळा गेला. "हॉस्पिटलच भिकार," मामा म्हणाला. त्या जोडप्याकडून फोटो मागवून त्याने तो दुकानात लावला. गिऱ्हाइकांना सांगायचा, "गाडी काय झकास आलीय बघा!"

आता डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकला. मामीकडे तेवढा एकच डोळा उरला होता. ऑपरेशनच्या सकाळी दारात दोन्ही गाड्या उभ्या. मामाने चक्क टप चढवला होता. "ये गं, तुझ्यासाठी तंबू केलाय," म्हणून त्याने दार उघडून धरलं.

मामी भिंत चाचपत पायऱ्या उतरली. मामाला वळसा घालून लेकीच्या गाडीपाशी गेली आणि त्या उंच सीटवर हळूच टेकली.

मामा खिडकीशी आला. "त्या बंद काचांतून काय दिसणार आहे तुला?"

"तुम्ही नाही दिसणार," मामी म्हणाली. "तेवढं पुरे."