आबाजींची मंजुरी

कुरुळीच्या गोजाबाईंचा नवरा वारला, पण सुटला नाही. इंजिनिअरिंग कॉलेजच्या नियामक मंडळात तो अजून बसतो.

कॉलेज उभं राहिलं ते गावकऱ्यांच्या जमिनीवर. जमीन देतानाच ठरलं होतं, मंडळातली एक खुर्ची गावाची. तिच्यावर कोण बसणार ते देवळापुढं, सगळ्यांच्या देखत ठरायचं. पहिल्यांदा गावानं गोजाबाईंच्या नवऱ्याला, आबाजींना निवडलं. माणूस मोठा खट. एखादी गोष्ट पटली नाही की आधी घसा खाकरायचे, मग म्हणायचे, "न्हाई." त्या खाकरण्याची अध्यक्ष दौलतरावांनी धास्तीच घेतली होती.

आबाजी गेले. दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. पोराबाळांचं बघू म्हणून झालं, विहिरीचं बघू म्हणून झालं. ऊन चढलं, माणसं कंटाळली. तेव्हा दौलतराव पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "आबा, तुमची खुर्ची कुणाला देणार न्हाई." कावळ्याला तरी काय अवदसा आठवली, नेमका तेव्हाच उतरला! साऱ्या गावानं डोळ्यांनी पाहिलं. आता देवळापुढं निवड घ्या म्हणायची कुणाची छाती होणार?

खुर्चीवर फोटो आला, हार आला. दौलतराव प्रत्येक ठरावाला फोटोकडं वळून विचारू लागले, "आबा, मंजूर ना?" फोटो गप्प, म्हणजे मंजूर. फी वाढली. दौलतरावांचा जावई प्राचार्य झाला. गावातली पोरं चाकणला कंपनीत शिफ्टला, विचारायला वेळ कुणाला? कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, आबांची संमती आहे.

गोजाबाईंना आधी अभिमान वाटायचा. मग घरात खाकरणं ऐकू यायला लागलं. भर दुपारी, भाकरी थापताना, अगदी पाठीमागं. नुसतं खाकरणं, पुढं काही नाही. बाईंना घास जाईना. सुनेला म्हणाल्या, "त्यास्नी बोलायचं हाय गं. त्या खुर्चीवरनं उठू देत न्हाईत त्यास्नी."

यंदाच्या पुण्यतिथीला हार घालायला त्यांना नेहमीसारखं मंडळाच्या बैठकीत नेलं. दौलतरावांचा मुलगा सार्थक कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

"आबांची खुर्ची रिकामी बरी दिसत न्हाई," दौलतराव म्हणाले. "त्यांच्या आशीर्वादानं ती आता सार्थकनं सांभाळावी." आणि फोटोकडं वळले. "आबा, मंजूर ना?"

हार गोजाबाईंच्या हातातच राहिला. घाटावर शब्द ज्यानं दिला, तोच तो मोडत होता, आणि तेही आबाजींच्या तोंडून. त्यांनी खाकरलं, जन्मभर ऐकलं होतं तसंच.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "देवळाफुडं ठरवा. समद्यांच्या देखत."

दौलतराव पांढरेफटक पडले होते. गोजाबाईंकडं त्यांनी पाहिलंच नाही. ते फोटोकडं बघत होते.