मुलाच्या आईचं दूध

बाळाचं नाक चोंदलं की दुधाचा थेंब. कान ठणकला की दुधाचा थेंब. बेंबी ओली राहिली, गालावर पुरळ आलं, तरी तेच. फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीत मथुराकाकी कुठल्याही बाळंतिणीच्या घरात दार न वाजवता शिरायची. "आयचं दूध म्हंजे घरातला दवाखाना," असं म्हणत पदर बाजूला करायला लावायची. इमारत तिच्या सासऱ्यांच्या भातशेतीवर उभी होती, त्यामुळे दार वाजवायची गरज तिला वाटत नसावी. तोंडावर मी तिला अहो-जाहो करत असे. लिहिताना जमत नाही.

माझी मुलगी झाली तेव्हा माझी आई हयात नव्हती आणि सासूबाई साताऱ्याला अंथरुणाला खिळलेल्या. नवरा मुंबईला नोकरीवर. काकी आयती मिळाली म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. दवाखान्यातून घरी आल्या आल्या तिनं मला पिवळसर चीक मोरीत पिळून टाकायला लावला. "जड असतो तो. पोटात गाठी होतील," म्हणाली आणि बाळाला मधाचं बोट चाटवलं. खरवसासाठी मात्र ती गोठ्यातून म्हशीचा चीक मागून आणायची. तो तिला कधी जड झाला नाही.

पुढे मुलीचा उजवा डोळा चिकटायला लागला, पिवळा पू येऊ लागला. मी डोळ्यात दूध पिळायला गेले तर काकीनं माझा हात धरला.

"तुझं नको. पोरीच्या आयच्या दुधाला गुन नाय. पोराच्या आयचं पायजे."

वरच्या मजल्यावर एकीला नुकताच मुलगा झाला होता. सकाळ-संध्याकाळ काकी तिचं दूध चमच्यातून आणायची आणि माझ्या मुलीच्या डोळ्यात सोडायची. मी शेजारी भरल्या छातीनं बसलेली असायचे. डोळा सुजून बंद झाला. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर काकी उंबऱ्यातच बसली. "सोयर फिटल्याबिगर बाळ भायेर नाय काढायचं." नवरा म्हणाला, त्यांनी इतकी पोरं वाढवलीत, त्यांना कळत नसेल का?

बारसं उरकून आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पापणी उचलून पाहिलं आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" औषधांनी डोळा राहिला, पण बुबुळावर फूल पडलं. त्या डोळ्यानं तिला धुक्यातल्यासारखं दिसतं. काकी मात्र इमारतभर सांगत सुटली, "माज्या हातानं पोरीचा डोला वाचला."

दोन-तीन वर्षांनी मला मुलगा झाला. घरी आले नाही तोच काकी दारात. तळमजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडातल्या तान्ह्या मुलीचे डोळे आले होते.

"थोडं दूध दे गो. आता तुझ्या दुधाला गुन आला."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मुलाला खांद्यावर घेतलं, लेकीचं बोट धरलं आणि सोयरातच जिना उतरले. त्या बिऱ्हाडातल्या बाईला खिडकीपाशी बोलावून लेकीचा चेहरा उजेडात धरला. "हा बघा काकींचा दवाखाना," म्हटलं. ती बाई पांढरीफटक पडली. तिनं बाळ उचललं आणि चपला पायात सरकवून थेट डॉक्टरचा रस्ता धरला. काकी मागून ओरडत होती, "सोयरातली बाय घराभायेर पडली, लाज नाय हिला."

त्यानंतर ती आमच्या दारात कधी आली नाही. गेली तेव्हा इमारतीतल्या बायका धाय मोकलून रडल्या, सगळ्यांची आई गेली म्हणाल्या. मीही गेले, हात जोडले आणि परत येऊन कुकर लावला. सगळं कळवळ्यानं करायची बिचारी, असं लोक म्हणतात. करत असेलही.

माझी लेक आता चौथीत आहे. वर्गात ती अगदी उजव्या कडेला बसते, म्हणजे फळा डाव्या डोळ्यासमोर येतो. ही जागा तिची तिनंच शोधून काढली, मला तिच्या बाईंनी सांगितलं. मथुराकाकीला मी माफ केलेलं नाही.