खालिदाचा पाण्याकाठचा कट्टा

“सोड तिला,” मी ओरडले. माझ्या मुलीनं, नसीमनं, सोडलं नाही. ती गळ्यापर्यंत पाण्यात होती, अंगावरचा भिजलेला अबाया तिला खाली ओढत होता. तिच्या एका हातात माझा घोटा होता, दुसऱ्या हातात माझ्या धाकट्या बहिणीची, खालिदाची बाही. कट्ट्यावर बसून बोलता बोलता खालिदा छाती धरून पाण्यात कलंडली आणि नसीमनं तिच्यामागे उडी टाकली. टाकताना “अम्मी” म्हणून ओरडली. मी शेजारीच उभी होते, पण हाक मला नव्हती… मला पोहता येत नाही. मी कट्ट्यावर बसून एक पाय पाण्यात सोडला, तो तिनं धरला. पोहायला शिकवणाऱ्या बाया धावत येईपर्यंत आम्ही तशाच होतो.

ही शारजातल्या बायकांच्या तरणतलावावरची गोष्ट, दीडएक महिन्यापूर्वीची. तलाव खालिदाच्याच हातचा. ती आर्किटेक्ट होती, खेळायच्या-पोहायच्या जागांचे नकाशे करायची. आम्ही मूळच्या रत्नागिरीकडच्या. चौथीनंतर मला घरी बसवलं, कारण ती पाळण्यात होती आणि तिला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. मी कडेवर घेतलेली ती पोर पुढं अबुधाबीत मोठमोठ्या साहेबांसमोर नकाशा पसरून बोलायची. लोक मला विचारायचे, तुम्ही खालिदा मॅडमच्या बहीण ना? तिला कुणी माझ्यावरून ओळखलं नाही. माझा जळफळाट व्हायचा. अजूनही होतो. ती गेली म्हणून थांबलेला नाही.

काम तिचं चांगलं होतं, नाही म्हणणार नाही. दार उघडं राहिलं तरी रस्त्यावरून आतलं काही दिसू नये म्हणून आत जायची वाट दोनदा वळवलेली. पंपाच्या खोलीचं दार बाहेरच्या अंगाला, म्हणजे दुरुस्तीला पुरुष आला तरी बायकांना तलाव सोडावा लागू नये. चूक एकच केली. आयांना बसायला वरती काचेमागे गारेगार गॅलरी ठेवली. एकही आई तिथं टिकेना. मुलीवर ओरडता येत नसेल तर तिथं बसून करायचं काय? सगळ्या चपला काढून ओल्या काठावर, सगळ्यांच्या पुढं मी. खालिदा आधी वैतागली, मग हसली, आणि पाण्याला लागून बुटका कट्टा बांधून घेतला. म्हणाली, “आपा, तुझ्या तोंडासाठी बांधलाय.”

मी त्यावर बसायची नाही. समोर पाण्यात माझ्या मुलीचे हात धरून खालिदाच तिला पोहायला शिकवत असायची. आम्ही शारजापासून दूर, रास अल खैमात राहायचो, नवरा सिमेंटच्या कारखान्यात होता. चांगल्या शाळेसाठी नसीमला मी शारजात खालिदाकडे ठेवलं होतं. सुट्टीला यायची ती पाहुणीसारखी. जे वाढेन ते खायची, थँक यू म्हणायची, ताट उचलायची. खालाशी, म्हणजे मावशीशी, मात्र कडाकडा भांडायची, फोनवर मी ऐकायचे. पुढं आर्किटेक्ट झाली आणि तिच्याच ऑफिसात बसली. खालिदाला स्वतःचं मूल नव्हतं… पण मी माझं तिला दिलं नव्हतं, शाळेपुरतं ठेवलं होतं.

खालिदाचं चाळिसावं, चाळिसाव्या दिवसाचं कार्य, झाल्यावर नसीम घरी आली. चहा समोर तसाच ठेवून म्हणाली, “यू टोल्ड मी टू लीव्ह हर. तुझ्या जागी खाला असती तर असं कधी म्हणाली नसती.”

“तिला पोहता येत होतं,” मी म्हटलं. “तिनं दोघींना बाहेर काढलं असतं. माझा एकच पाय पाण्यात होता, आणि मला तू हवी होतीस.”

मग ती माझ्यावर ओरडली. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, शेजारच्यांना ऐकू जाईल अशी. शाळेपासूनचं सगळं काढलं. शेवटी तिनं गार झालेला चहा पिऊन टाकला आणि जेवायला काय आहे म्हणून विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं, खालिदाचं हृदय पाण्यात पडतानाच थांबलं होतं. नसीम वाचली.