काठीवरचा अंगठा

“हात लावू नका.”

हे मी म्हणाले. ॲरिझोनाच्या वाळवंटातून, पिमा या मूळनिवासी लोकांच्या गावातून इतक्या लांब नेदरलँड्सला आलेल्या एका म्हातारीला. आणि तिच्या हातातून तिच्याच आजोबांची काठी काढून घेतली.

मी इथल्या एका संग्रहालयाच्या गोदामात नोंदी करते. नवऱ्याच्या व्हिसावर आले. रायस्वाइकमध्ये घर. नोकरी फार उशिरा मिळाली. ती टिकवायची म्हणून मान खाली.

काठी हातभर लांब. तिच्यावर खाचा. एका वर्षाला एक. आमच्या नोंदीत ‘अर्थ अज्ञात’ असं लिहिलेलं. मीच लिहिलेलं. म्हातारीनं खाचेवर अंगठा ठेवला आणि वर्ष बोलायला लागलं. आसरा मागत आलेल्या मॅरिकोपा शेजाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून लढलो, ते वर्ष. उपाशी वाटसरूंना गहू दिला, ते वर्ष. मग अंगठा अडला.

“इथं नदी आली नाही,” ती म्हणाली. “वरच्या अंगाला नवे गोरे लोक येऊन बसले. आमचा गहू खाऊन गेलेल्यांचेच भाऊबंद. पाणी वळवलं त्यांनी.”

तेवढ्यात माझ्या वरिष्ठाला तिचे उघडे हात दिसले.  तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी हातमोजे आणले.

“डोळे तर गेलेच,” म्हातारी हसली. “आता अंगठ्यालाही टोपी घातलीत तर वाचू कशानं? नाकानं?”

तिनं मोजे बाजूला सारले. तेव्हा मी ‘हात लावू नका’ म्हणाले. काठी घेतली.

“पोरी, हे कोणी शिकवलं तुला?”

“नियम आहे,” मी म्हणाले.

खोटं.

गुरुजींनी शिकवलं. चौथीत. शाळेच्या माठापाशी. “ए, हात लावू नकोस. ओंजळ धर.” वरून पाणी पडायचं, निम्मं फ्रॉकवर. आमची वस्ती पाटाच्या अगदी टोकाला. उन्हाळा आला की वरचं गाव पाणी अडवायचं, आणि त्याच गावच्या शाळेत मी ओंजळ धरायची. कधी नाही म्हणाले नाही. आजही इथल्या मराठी बायका गाव विचारतात तेव्हा मी त्या वरच्या गावाचं नाव सांगते. वीस वर्षं सांगतेय.

त्या दिवसापासून माझा अंगठा मला झोंबतो. भाजी चिरताना, ट्राममध्ये दांडा धरताना मध्येच अडतो. जिथं तिचा अडला होता, तिथंच. पुढच्या खाचा वाचायच्या राहिल्या. त्या तिला तोंडपाठ नाहीत. खाच हाताला लागली तरच आठवतं, असं ती म्हणाली होती.

गुरुवारी ती पुन्हा येणार आहे. शुक्रवारी परत जाणार.

आज मी ‘अर्थ अज्ञात’ खोडलं. लिहिलं, ‘अर्थ माहीत आहे. आपण वाचू दिला नाही.’ खाली माझं नाव. वरिष्ठाला सांगितलं, “गुरुवारी मी मोजे आणणार नाही.”

“मग काठी बाहेर येणार नाही.”

काठीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.

गुरुवारी कपाट मी उघडणार. काठी तिच्या उघड्या हातात देणार आणि शेवटची खाच वाचून होईपर्यंत तिच्या आणि वरिष्ठाच्या मध्ये उभी राहणार. नोकरी जाईल. जाऊ दे. तिनं पुन्हा विचारलं, तर कोणी शिकवलं ते सांगणार. माझ्या वस्तीचं नाव घेऊन.